म्हादईत उतरायचं म्हणतोस खरं...

दोस्ता,

तुझा तो गुगल अर्थचा स्क्रीनशॉट बघितला. कयाकनं, म्हणजे आपल्या त्या एकट्यानं वल्हवायच्या अरुंद बोटीनं, म्हादई उतरायची लाल रेघ मस्त ओढलीयस, खानापूर तालुक्यातल्या देगावच्या वरनं सुरू आणि खाली थेट गोव्यात, मध्ये अख्खं भीमगडचं जंगल, आणि वर लिहिलंयस "जुलैत करू, फुल पाणी असेल". फुल पाणी असेल यात वादच नाही. फोनवर तू ऐकून घेणार नाहीस, मध्येच हसशील, म्हणून लांबलचक लिहायलोय, चहा घेऊन बस.

ती रेघ आपण करायची नाही. मी नाही, तू नाही आणि तुझा तो ऋषिकेशवाला ग्रुप तर अजिबात नाही. चिडू नकोस, पुढं वाच.

तू शिकलास गंगेत. तिथं पाणी प्रचंड पण पात्र रुंद, लाटा मोठ्या, उलटलास तरी डोक्याखाली खोल पाणी असतंय, एकदा रोल, म्हणजे उलटलेली बोट बसल्याजागी सरळ करणं, चुकला तर दुसऱ्यांदा करायला वेळ मिळतोय, आणि नाहीच जमलं तर पोहत पोहत पुढच्या शांत पाण्यात लागतोस, वर हमरस्ता आहेच. आमच्याकडचं गणित उलटं. कणकुंबीच्या पट्ट्यात एकाच डोंगररांगेतनं दोन नद्या निघतात, मलप्रभा पूर्वेला वळली ती निवांत फिरत फिरत कुडलसंगमला कृष्णेला मिळते, आणि म्हादई पश्चिमेला, तिला समुद्र जवळ, त्यामुळं जे काय उतरायचं ते घाटातच उतरून मोकळी होते. पात्र अरुंद, मधे घराएवढे खडक, पाणी खडकावरनं जातं तेवढंच खडकाखालनं पण जातं. वरनं बघितलं तर छोटीशी धार, आणि खाली सायफन, म्हणजे पाणी जायला वाट आहे आणि माणूस जायला नाही. अशा ठिकाणी उलटा झालास तर रोल मारायच्या आधी हेल्मेट दगडाला घासतंय.

आणि झाडं! हे नकाशात दिसत नाही. पावसाळ्यात काठ ढासळतो, करंज, जांभूळ, बांबूची अख्खी बेटंच्या बेटं आडवी पडतात नदीत. फांद्यांतनं पाणी गाळून पुढं जातंय आणि बोट तिथंच चिकटते, मागनं पाणी दाबतच राहतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो आणि एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, हे तूच मला शिकवलंस की, आता ते त्या आडव्या बांबूवर लावून बघ. गेल्या वर्षी मोकळी असलेली वाट यंदा मोकळी असेलच असं कुणी सांगू शकत नाही, प्रत्येक वळणाआधी उतरून, काठानं चालत जाऊन बघायला लागतंय. आणि भीमगडात काठ म्हणजे काय ते तुला कल्पना नाही. काठच नाही. उभा कडा, निसरडं शेवाळ, जळवा, वर दाट जंगल.

तू ग्रेडचं, म्हणजे पाणी किती अवघड त्याच्या नंबराचं विचारलंयस, तीन असेल का चार. एक ते सहाची ती पट्टी मुख्य करून नदीचं पाणी मोजते, जंगलातनं बाहेर पडायची सोय मोजत नाही. आपल्यापैकी एकाचा खांदा निखळला तर पुढं काय, याचं उत्तर ज्या नदीवर नाही ती माझ्या लेखी एक ग्रेड वरचीच. तिथं मोबाईलला रेंज नाही, आतल्या वाड्यांना पावसाळ्यात रस्ता तुटतो, तिथल्या आजारी माणसाला अजून खांद्यावर तिरडीसारखं बांधून आणतात. आपण हौसेखातर जाऊन त्या लोकांवर आपलं ओझं टाकायचं काय? त्यात भीमगड 2011 पासून अभयारण्य, परवानगीशिवाय आत पाय टाकायचा नाही, आणि पावसाळ्यात तर इकडच्या धबधब्यांवरच बंदी घालतात, दरवर्षी कोण ना कोण सेल्फीच्या नादात जातंय म्हणून.

आता मलप्रभेचं. तू म्हणशील मग ती तरी करू, सपाट आहे, सोपी आहे. तर ऐक, मला विचारशील तर आमच्या भागात सगळ्यात जास्त भीती त्या सोप्या नदीतच आहे, कारण तिच्यावर बंधारे आहेत.

परवा खानापूरच्या वरच्या बाजूला एका बंधाऱ्यावर थांबलो होतो, पाऊस नुकताच उघडला होता, भात लावणारी माणसं इरली काढून बांधावर जेवायला बसलेली. बंधाऱ्यावरनं पाणी सरसकट, एकसारखं पडत होतं, आवाजपण फार नाही, उंची कमरेएवढी. वरनं एक केळीचं खोड वाहत आलं. पडलं, खाली गेलं, हात-दोन हात पुढं वर आलं, आणि मग उलटं वाहत परत बंधाऱ्याकडं. पुन्हा धारेखाली गेलं, पुन्हा वर. मी तिथं भाकरी खाऊन, विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्या मामांशी गप्पा मारून, गाडीला किक मारेपर्यंत ते खोड तिथंच गिरक्या घेत होतं, साल सगळी सोलून पांढरं पडलेलं. मामा म्हणाले, "म्हस पडली तरी असंच हुतंय. आम्ही जनावर हिकडं सोडतच न्हाई."

त्या मामांनी आयुष्यात कयाक बघितली नसेल पण तुझ्या इन्स्ट्रक्टरपेक्षा नीट सांगितलं त्यांनी. नदीतला साधा होल, म्हणजे पाणी उलटं फिरून बोट धरून ठेवतं ती जागा, कुठंतरी तुटका असतो, एखादी कड खाली झुकलेली असते, त्या बाजूला पॅडल मारत सरकलास तर सुटतोस. बंधारा माणसानं लेव्हल लावून बांधलेला, या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखा, सुटायला कडच नाही. शिवाय तिथला फेस म्हणजे निम्मी हवा, लाइफ जॅकेट पाण्यात उचलतं, हवेत काय उचलणार? आणि वरच्या बाजूनं येताना काही दिसत नाही, फक्त पुढं नदी एका रेघेत संपल्यासारखी वाटते. ती रेघ दिसली की काठ गाठायचा, विचार नंतर.

कोल्हापुरी टाइपच्या बंधाऱ्याचा अजून एक घोळ आहे. पावसाळ्यात बरगे, म्हणजे गाळ्यांत घातलेल्या फळ्या, काढतात, म्हणजे पिलरच्या मधनं पाणी जातंय, बघणाऱ्याला वाटतं गाळ्यातनं बोट आरामात जाईल. पण गाळ्यात अडकलेलं असतंय लाकूड, तारा, कुणाच्या तरी शेताचं कुंपण, आणि बोट जरा जरी आडवी झाली तर पिलरला मधोमध चिकटून वाकते. पाऊस संपला की बरगे परत घालतात, मग वर तळं साठतं आणि जादा पाणी वरनं पडायला लागतंय, म्हणजे तेच केळीच्या खोडाचं प्रकरण. बंधारा आला की उतरायचं, बोट खांद्यावर, चिखलातनं चालायचं. तू म्हणशील मजा जाते. जाऊ दे की.

तर माझा प्लॅन असा. जुलैत यायचं असेल तर बोट न घेता ये, चोर्ला घाटातनं खाली सत्तरीत जाऊ, वाळपईच्या बाजूला त्याच म्हादईवर पावसाळ्यात राफ्टिंग चालतं, 2012 पासून, गाइड, दोर, हेल्मेट सगळं त्यांचं. तुला लहान पोरांचा खेळ वाटेल, पण नदी समजून घ्यायला राफ्टमध्ये बसण्यासारखं काही नाही, आणि वाटेत कणकुंबीला माउलीचं दर्शन पण होईल.

बोट घेऊन यायचं तर गणपती झाल्यावर ये. पाणी उतरलेलं असतंय पण संपलेलं नसतं, गढूळपणा जातो, खडक दिसायला लागतात, आणि बरगे अजून घातलेले नसतात. जांबोटीच्या आसपासचा तुकडा मी पायी बघून ठेवतो, झाडं कुठं पडलीत, बंधारे कुठं, उतरायला पायवाट कुठं. माझा एक नियम आहे, मलप्रभेतला हब्बनहट्टीचा मारुती दरवर्षी पुरात बुडतो, पेपरात फोटो येतो बघ, तो जोवर पाण्यात आहे तोवर मलप्रभेत बोट घालायची नाही. देवळाच्या पायऱ्या कोरड्या दिसल्या तरच. आणि कोरड्या असल्या तरी कणकुंबीला पाऊस चालू आहे का ते फोन करून विचारायचं, बेळगावात लख्ख ऊन असतंय आणि वर ढगफुटीसारखा कोसळत असतो, ते पाणी काही तासांनी आपल्या अंगावर येतं.

मोठं पाणीच पाहिजे असेल तर डिसेंबरात काळी नदी, दांडेलीजवळ गणेशगुडीला, सुपा धरणाचं पाणी सोडतात त्यावर सगळं अवलंबून, आधी चौकशी करूनच निघायचं. आणि उभ्या उताराची खाज असेल तर केरळात कोळीकोडला मलबार रिव्हर फेस्टिव्हलला, कयाकच्या शर्यतींना जा, 2013 पासून चालू आहे, चालीपुळा आणि इरुवंजीपुळा या नद्यांवर, भर पावसात. आधी नुसता काठावर उभा राहून बघ, प्रत्येक उडीखाली दोर घेऊन किती माणसं उभी असतात ते. म्हादईत आपल्यासाठी कोण उभं राहणार आहे?

रोलची प्रॅक्टिस मात्र सोडू नकोस. आमच्या गावाजवळ दगडाची जुनी खण आहे, पाणी स्वच्छ, मी तिथं रविवारी जातो, उजवीकडनं आता नीट बसतोय, डावीकडनं अजून चुकतो, डोकं आधी वर येतं. वहिनी नको म्हणत असतील तर हे पत्र दाखव, माझ्यावर भरवसा आहे त्यांचा. थ्रो बॅग, म्हणजे पाण्यात पडलेल्याकडं फेकायची दोराची पिशवी, तुझ्याकडची जुनी आणू नकोस, दोर कडक झालाय, नवीन घे, वीस मीटरची, दोन घे, एक माझ्यासाठी, पैसे जीपेनं पाठवतो. गाडीचं तिकीट काढलंस की कळव, खानापूर स्टेशनवर सगळ्या गाड्या थांबत नाहीत, ते बघून काढ.

तुझाच,
खानापूरवाला