एल्कियेर म्हणजे फक्त चुकलेली पेनल्टी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पेनल्टी चुकवणाऱ्या फुटबॉलपटूंवरचा लेख वाचला. यादीत डेन्मार्कचा प्रेबेन एल्कियेर दिसला म्हणून आधी बरे वाटले, मग विरस झाला. त्याच्या वाट्याला अडीच ओळी, आणि त्यातही चूक. १९८४ च्या युरो स्पर्धेतली ती पेनल्टी अंतिम सामन्यातली नव्हे, लिऑनला स्पेनविरुद्ध झालेल्या उपांत्य सामन्यातली. पाचवी पेनल्टी त्याने बारवरून घालवली हे खरे. परत जाताना त्याची चड्डी मागून फाटलेली होती, हेही खरे. ते लेखकाने आवर्जून लिहिले आहे. पण पाचच दिवस आधी बेल्जियमविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून डेन्मार्क ३-२ जिंकला, त्यातला शेवटचा गोल कोणाचा होता, तेवढे राहून गेले.

लेखातले 'मोठ्या क्लबात टिकला नाही' हे वाक्य तर फारच खटकले. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा कोपनहेगनच्या व्हॅनलोसे क्लबातून १९७६ मध्ये जर्मनीतल्या कोलोन क्लबाला गेला. तिथे जम बसला नाही. (कोचने दारूच्या बाटलीवरून हटकले तेव्हा 'व्हिस्की नव्हे, व्होडका' असे उत्तर दिल्याचा किस्सा सांगतात. सिगारेटही ओढायचा. आमच्याकडे अशा पोराला तालमीतल्या वस्तादांनी दुसऱ्या दिवशी उभे केले नसते.) मग बेल्जियममधल्या लोकेरेनसारख्या छोट्या गावात सहा वर्षे काढली आणि तिथेच तो खरा स्ट्रायकर झाला.

१९८४ मध्ये तो इटलीत व्हेरोनाला आला. तो हंगाम आठवा: नापोलीत मॅराडोना, युव्हेंटसमध्ये प्लाटिनी, उदिनेसेत झिको, फिओरेंटिनात सॉक्रेटिस. अशा लीगमध्ये व्हेरोनाने विजेतेपद पटकावले. आजतागायत ते त्यांचे एकमेव. ऑक्टोबरात युव्हेंटसविरुद्ध एल्कियेर डावीकडून सुटला, पिओलीच्या टॅकलमध्ये उजव्या पायातला बूट निघाला, गडी थांबला नाही. आत वळला आणि त्याच मोजा घातलेल्या पायाने चेंडू जाळ्यात घातला. पुढे मे महिन्यात बेर्गामोला अटलांटाविरुद्ध १-१ अशी बरोबरी करून विजेतेपद पक्के झाले, तो बरोबरीचा गोलही त्याचाच. त्या दोन वर्षांत बॅलन डी'ओरच्या, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्काराच्या, मतदानात तो आधी तिसरा, मग दुसरा आला. मोठा क्लब म्हणजे नेमके काय, हे लेखकाने एकदा सांगावे.

शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावर बसून आयुष्य गेले, त्यामुळे बूट निसटल्यावर खेळाडू काय करतो ते शेकडो वेळा पाहिले आहे. हात वर करून पंचांकडे बघतो.

१९८६ च्या मेक्सिको विश्वचषकात आमची सगळी गल्ली ब्राझीलची, अर्जेंटिनाची. मी एकटा डेन्मार्कचा, यावरून घरच्यांनीसुद्धा वेड्यात काढले. उरुग्वेला ६-१ ने धुतले त्यात एल्कियेरची हॅटट्रिक होती. उरुग्वेचा एक खेळाडू विसाव्या मिनिटाच्या आतच लाल कार्ड मिळून बाहेर गेला होता, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पुढच्या फेरीत स्पेननेच १-५ असे झोडपले, बुत्राग्वेन्योचे चार गोल. पण स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूंत एल्कियेर तिसरा ठरला. देशासाठी ६९ सामन्यांत ३८ गोल.

१९८८ मध्ये तो मायदेशी परतला, व्हेयले क्लबाकडून दोन हंगाम खेळला आणि थांबला. त्यावर फार लिहिण्यासारखे नाही, दुखापतींनी घेरले होते.

लेखासोबत फाटक्या चड्डीचा फोटो छापलात. चूक दुरुस्त कराल तेव्हा सोबत बूट नसलेल्या पायाचा फोटो छापा, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर