पोलादी म्हणून विकलेलं फ्लायव्हील बिडाचं निघालं : तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक यांस

विषय : एमजीबी या जुन्या ब्रिटिश मोटारीसाठी तुमच्याकडून घेतलेलं 'हलकं पोलादी' फ्लायव्हील (क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकाला बसणारं चाक), आणि काल फोनवर मिळालेलं उत्तर

महोदय,

काल तुमच्या ग्राहक सेवेला केलेला सातवा फोन पलीकडून मध्येच ठेवून दिला गेला. आठवा मी करणार नाही. बिल आणि मोजमापांचे फोटो सोबत जोडले आहेत.

गाडी १९६६ ची एमजीबी रोडस्टर. मी इंग्लंडमध्ये राहतो, ही गाडी जिथे बनली ते अ‍ॅबिंग्डन माझ्या घरापासून तासाभराच्या आत आहे. इंजिन १७९८ सीसी, पाच बेअरिंगचं, १८जीबी मालिकेचं, स्टार्टर जुना इनर्शिया पद्धतीचा (फिरता फिरता झटक्याने दात्यांत शिरणारा). हे सगळं मी ऑर्डरसोबत दोनदा लिहून दिलं होतं, कारण तुमच्या फॉर्मवर फक्त गाडीचं साल विचारतात. एमजीबी १९६२ ते १९८० बनत होती. १९६४ च्या ऑक्टोबरात तीन बेअरिंगचा क्रँक जाऊन पाचचा आला, १९६७ च्या अखेरीस मार्क टू या पुढच्या आवृत्तीबरोबर प्री-एंगेज्ड (आधी दात्यांत अडकून मग फिरणारा) स्टार्टर आला आणि त्याबरोबर रिंग गिअरही, म्हणजे फ्लायव्हीलच्या कडेची दात्यांची कडी, बदललं. त्यात मधल्या काळात कितीतरी गाड्यांची इंजिनं अदलाबदल झाली. फ्लायव्हील इंजिनाच्या नंबरावरून ठरतं, गाडीच्या सालावरून नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी पहिलं चाक आलं ते पुढच्या स्टार्टरचं. ते परत करून दुसरं यायला सहा आठवडे गेले. ते मी सोडून दिलं. तक्रार दुसऱ्या चाकाची आहे.

एमजीबीला फ्लायव्हील लावायचं म्हणजे अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं, नुसता गिअरबॉक्स खाली उतरवून भागत नाही. ऑइल काढा, पाणी काढा, रेडिएटर उतरवा, एक्झॉस्ट सोडा, मग चेनब्लॉकला इंजिन टांगा. मी आता एकसष्टीचा आहे, हे काम मी आणि माझा मुलगा दोन शनिवार-रविवार घालून करतो. बोल्ट टॉर्क रेंचने ४० पौंड-फुटांवर कसले, लॉकप्लेटचे कान वळवले, नवी क्लच प्लेट घातली, इंजिन परत बसवलं.

पहिल्याच दिवशी क्लच सोडताना गाडी थरथरली. आरसा दिसेनासा व्हावा इतकी. तिसऱ्या आठवड्यात स्टार्टर करकरू लागला. इंजिन दुसऱ्यांदा बाहेर काढलं.

बाहेर आल्यावर जे दिसलं ते असं. चाक क्रँकवरच ठेवून घर्षणाच्या तोंडावर, कडेजवळ डायल गेज (बारीक हेलकावा मोजणारं काट्याचं मापक) लावला : एका फेऱ्यात काटा ०.२२ मिलिमीटर फिरला. तेच बोल्ट, तोच क्रँक, फक्त गाडीचं जुनं मूळ चाक चढवलं : ०.०४. म्हणजे क्रँक सरळ आहे. तुमच्या चाकाची बसायची बाजू आणि घासायची बाजू समांतर नाही, दोन्ही तोंडं एका सेटिंगमध्ये घेतलेली नाहीत. नवशिक्या टर्नरलाही पहिल्या महिन्यात शिकवतात ती गोष्ट ही.

काल मी हेच आकडे फोनवर वाचून दाखवले. पलीकडच्या मुलाने विचारलं, "काका, गाडी कितव्या सालची?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग काका, एवढ्या जुन्या गाडीत थोडीफार थरथर राहणारच ना." मी म्हटलं, थरथर गाडीची नाही, चाकाची आहे, जुन्या चाकावर मोजूनच सांगतोय. त्याने मला दोन मिनिटं थांबवून ठेवलं. परत आला आणि म्हणाला, "सरांनी सांगितलंय, क्रँक वाकला असेल, चेक करून घ्या." मी पुन्हा सांगितलं की त्याच क्रँकवर जुनं चाक ०.०४ दाखवतं. त्यावर तो म्हणाला, "मग काका, जुनंच वापरा ना." मी विचारलं, तुमच्याकडे डायल गेज आहे का? पलीकडे कोणीतरी हसलं. मला ते स्पष्ट ऐकू आलं. मग तो म्हणाला, "काका, गोल आहे ना चाक? मग फिरतंय ते." आणि फोन ठेवला.

चाळीस वर्षं मशीनवर काम केलेल्या माणसाला हे सांगितलं गेलं. त्या मुलाला दोष देत नाही, त्याला कोणी शिकवलेलं नाही. दोष त्याच्यामागे उभ्या असलेल्या 'सरांचा' आहे, ज्यांनी आकडे ऐकले आणि तरी क्रँकचं नाव पुढे केलं.

रिंग गिअरबद्दल. ही गाडी बनवणाऱ्या बीएमसीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये लिहिलंय की रिंग ३०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची, फिका निळा रंग आला की थांबायचं, त्यापुढे गेलं तर दात्यांचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. तुमच्या रिंगवर निळा कुठेच नाही. निम्म्या घेरावर करडी काजळी आहे, गॅसचा टॉर्च एका जागी धरून लाल केल्याच्या खुणा आहेत. तिथे कानस लावली तर लोण्यासारखी चावते, उरलेल्या निम्म्या घेरावर घसरते. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा समोरासमोरच्या दोनच जागी थांबतं, त्यामुळे स्टार्टरचा सगळा मार त्या दोन पट्ट्यांतल्या दात्यांवर पडतो. त्यातली एक नेमकी तुमच्या मऊ भागात आली. तीन आठवड्यांत दाते चेपले.

आता मुख्य गोष्ट. कालच्या फोनवर मला ही सांगूही दिली नाही.

बॅलन्सिंगसाठी तुम्ही कडेला जे भोक पाडलंय, तेच मी तीन मिलिमीटर आणखी खोल केलं. पोलाद असतं तर चकचकीत वेटोळी चिप निघाली असती. निघाला काळा भुगा, बोटाला पेन्सिलीच्या शिशासारखा लागणारा. मग चाक दोराला टांगून हातोडीने टोला दिला. बद्द आवाज आला, पोलादासारखा खणखणीत नाही. बिलावर 'पोलादी' लिहिलंय आणि चाक बिडाचं आहे.

मूळ चाकही बिडाचंच होतं, पण ते जाडजूड आणि जड. तुम्ही तेच बीड पोखरून हलकं केलंत. फेरे दुप्पट झाले की चाक फाडू पाहणारा ताण चौपट होतो, आणि बीड ताणाखाली वाकून सावध करत नाही, एकदम तडकतं. या इंजिनाची पूर्ण ताकद ५४०० फेऱ्यांवर मिळते, लोक तिथपर्यंत नेणारच, हलकं चाक घेतात ते त्यासाठीच. एमजीबीत क्लचच्या हाउसिंगच्या एका बाजूला चालवणाऱ्याचे पाय असतात, दुसऱ्या बाजूला शेजारी बसलेल्याचे. त्या तीन आठवड्यांत शेजारी माझा मुलगा बसला होता.

मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात वडिलांच्या लेथवर उभा राहून शिकलो. इथे इंग्लंडमध्ये दुकानदार विचारायचे की हिंदुस्थानातला माल का मागवतोस, तेव्हा मी छाती पुढे काढून सांगायचो की ओतकाम आणि मशीनिंग आमच्याकडे बघा. तुमचं नाव मीच चार जणांना दिलं. त्या चौघांना मी काल रात्री फोन करून गाड्या बंद ठेवायला सांगितलं. त्या फोनांची मला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात क्वचितच वाटली असेल.

मला पैसे परत हवेत, चाकाचे आणि दोन्ही वेळच्या वाहतुकीचे. इंजिन दोनदा काढावं लागलं, त्याची भरपाई हवी. पण त्याआधी या भागाची विक्री आजच थांबवा आणि या लॉटमधलं चाक घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला लेखी कळवा. चौदा दिवसांत हे झालं नाही तर इथल्या १९७४ च्या कंझ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या कलम ७५ खाली माझ्या क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे दावा करीन, परदेशातल्या खरेदीलाही ते लागू आहे. भागाचा नंबर आणि भोकातल्या भुग्याचा फोटो या गाड्या चालवणाऱ्या प्रत्येक क्लबला पाठवीन.

चाक परत पाठवा असं तुमच्या ईमेलमध्ये आहे. पाठवणार नाही. ते दुरुस्त होऊन दुसऱ्या कुणाच्या गाडीत जाईल ही भीती मला आहे. तपासायला तुमचा माणूस इथे पाठवा, डायल गेज माझ्याकडे आहे. तोवर ते गॅरेजमध्ये खोक्यात आहे, आणि खोक्यावर लाल रंगाने लिहिलंय : गाडीला लावू नये.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, डायल गेजचे दोन फोटो, रिंग गिअरचे चार फोटो, भुगा एका पाकिटात