लीग 2014 ला सुरू झाली म्हणे!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला फुटबॉलवरचा लेख वाचला. लेख चांगलाय, फोटो तर मस्तच, पण दुसऱ्याच परिच्छेदात 2014 ला आपल्याकडे पहिल्यांदा राष्ट्रीय लीग आली असं लिहिलंय ते वाचलं आणि हातातला चहा तसाच गार झाला. अहो 2014 ला आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग आली, पहिली लीग नव्हे. पहिली लीग आली 1996 ला, नॅशनल फुटबॉल लीग नाव तिचं, पहिल्या सीझनला फिलिप्सचं नाव लागलेलं, 12 टीम, दोन गट, आणि जिंकली कोण तर फगवाड्याची जेसीटी, म्हणजे चक्क कापड गिरणीची टीम. स्ट्रायकर बायचुंग भुतिया तेव्हा त्यांच्याकडे, 14 गोल मारले त्याने, विजयनही त्यांच्याकडेच. हे सगळं घडलेलं आहे, माझ्या मनचं नाही.

पण मला बोलायचंय ते 1998-99 च्या सीझनबद्दल, कारण तेव्हा मी वास्कोत होतो. मूळचा कुडाळचा, एका क्लिअरिंग एजंटकडे कारकुनी करायचो, राहायला एका अंकलच्या घरात मागची खोली. अंकल बार्जवर काम करून रिटायर झालेले आणि साळगावकर या गोव्याच्या फुटबॉल क्लबचे वेडे. वेडे म्हणजे कसे, तर मॅचच्या दिवशी हिरवा शर्ट घालणार, तोच एक, कॉलर विरलेली, काकींनी तो धुवायला घेतला तर भांडण. साळगावकरची जर्सी हिरवी ना. मी क्रिकेटवाला माणूस, मला काय त्याचं, पण खोली त्यांची म्हटल्यावर एक दिवस बरोबर गेलो फातोर्ड्याच्या स्टेडियमला आणि मग जातच राहिलो.

साहेबाला दाताचं कारण सांगून अर्धी रजा टाकायची (त्या वर्षी माझे दात फार दुखले), कदंबाच्या बसने मडगाव, तिथून चालत. सिमेंटच्या पायऱ्या दुपारी अशा तापलेल्या असायच्या की पेपर चार घड्या करून खाली घेतल्याशिवाय बसताच यायचं नाही, आणि माफ करा पण कधीकधी तो पेपर तुमचाच असायचा. अंकल मैदानात बसूनसुद्धा ट्रान्झिस्टर कानाला लावून, का तर तिकडे कोलकत्याच्या टीमची मॅच चालू असली तर तिचा स्कोअर पाहिजे, त्यांचे पॉइंट अडकले की आपण पुढे. कॉमेंट्री बंगालीत, खरखर एवढी की नदीवर भांडण चाललंय असं वाटावं, एक अक्षर कळायचं नाही, फक्त खेळाडूंची नावं आणि "गोल" तेवढं कळायचं, पण गोल कोणाचा झाला हे काही कळायचं नाही, मग त्यावरच मागच्या रांगेशी वाद. आणि समोर आपल्या साळगावकरच्या ब्रूनो कुतिन्होकडे बॉल आला की सगळी रांग उभी, "मार रे ब्रूनो, मार!" बाहेर आल्यावर रस-ऑम्लेट. जिंकलो तर अंकलच्या खिशातून, हरलो तर ज्याचं त्याने.

त्या वर्षी साळगावकरने लीग मारली. कोच शब्बीर अली, हैदराबादचे, एकेकाळचे भारताचे नामांकित स्ट्रायकर. गोव्याच्या क्लबने राष्ट्रीय लीग जिंकायची ती पहिलीच वेळ, आधीच्या दोनपैकी एक पंजाबात गेलेली, एक मोहन बागानकडे. दुसऱ्या दिवशी मी पेपर चाळला, बातमी होती पण शोधावी लागली, कारण त्याच सीझनला कुंबळेने दिल्लीत पाकिस्तानच्या 10 विकेट काढलेल्या आणि पुढे इंग्लंडात वर्ल्ड कप होता, मग फुटबॉलला जागा कुठून मिळणार. मीही कुंबळेचं कात्रण जपून ठेवलं आणि साळगावकरचं नाही, तेव्हा तुम्हाला एकट्याला दोष देत नाही.

हे असं साळगावकरच्या बाबतीत कायमच होतं बघा. 1997 च्या फेडरेशन कपची सेमीफायनल सगळ्यांना पाठ असते, कोलकत्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान, सव्वा लाखाच्या वर पब्लिक, भुतियाची हॅटट्रिक, ईस्ट बंगाल 4-1 ने जिंकलं. पण तो कप नेला कोणी हे विचारा जरा. फायनलला साळगावकरने ईस्ट बंगालला 2-1 हरवून नेला! ते कोणाला आठवत नाही.

आता हिशोबच मांडायचा तर 1996 ते 2007 या लीगचे 11 सीझन झाले, त्यात कोलकत्याच्या दोघांनी (मोहन बागान, ईस्ट बंगाल) तीन-तीन घेतले, गोव्याने तीन (साळगावकर एक, धेंपो दोन), जेसीटी एक आणि एक आपल्या मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने, 2005-06 ला. मुंबईकरांना तरी ठाऊक आहे का? 2010 ला ती टीम बंदच केली, पुढच्या वर्षी जेसीटीही गुंडाळली. 2007 पासून लीगचं नाव आय-लीग झालं आणि पहिले सहाच्या सहा सीझन गोव्याने नेले, तीन धेंपो, दोन चर्चिल, एक साळगावकर. सलग सहा! आणि 2016 ला आय-लीग खालच्या पायरीवर ढकलायचं चाललंय म्हणून साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तिन्ही क्लब बाहेर पडले. धेंपो नंतर परत आले, पण साळगावकर काही आले नाहीत, म्हणून मग 2014 पासून मोजलं की साळगावकरच्या नावापुढे शून्य येतं, हेच मला खटकलं.

लेखासोबत विजेत्यांचा तक्ता दिलाय तुम्ही, तो 1996-97 पासून परत छापा एवढीच विनंती. दुरुस्ती छापाल तर खेळाच्या पानावरच छापा, इथे पत्रांच्या कोपऱ्यात नको, अंकल आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि पेपर अजून मागच्या पानापासूनच उघडतात.

आपला नेहमीचा वाचक,
कुडाळ (पूर्वी वास्को)