दिनाराची किंमत सोन्याची नव्हे, लेखाची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मध्ययुगीन इस्लामी जगातील सोन्याच्या नाण्यांना परदेशी लिलावांत मिळणाऱ्या किमतींच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून छापून येतात; परंतु रकमेपलीकडे नाण्यावर काय लिहिले आहे, हे त्यांतून क्वचितच कळते. वास्तविक किंमत ठरते ती त्या लेखामुळे. लंडनमध्ये २०१९ साली हिजरी १०५ चा, म्हणजे इ. स. ७२३-२४ चा, उमय्यद या खलिफांच्या घराण्याचा एक दिनार, म्हणजे सोन्याचे नाणे, सुमारे ३७ लाख पौंडांना विकला गेला; त्यात सोने जेमतेम सव्वाचार ग्रॅम होते. त्या काळच्या बहुतेक दिनारांवर स्थळाचे नाव नसते. या दिनारावर मात्र पश्चिम अरबस्तानातील हिजाज प्रदेशामधल्या खलिफाच्या खाणीचा उल्लेख आहे आणि संग्राहकांनी मोजले ते या उल्लेखाचे मोल.

खलिफा अब्द अल-मलिक याने हिजरी ७७ मध्ये (इ. स. ६९६-९७) दिनारांवरील आकृती काढून टाकून केवळ अरबी मजकूर ठेवला. साल आकड्यांत नव्हे, अक्षरांत आणि तेही कडेच्या वर्तुळात लिहिलेले असते. म्हणूनच दागिन्यासाठी कडी डाकलेला किंवा कडा झिजलेला दिनार वजनाने जवळपास पूर्ण भरला तरी अभ्यासकाच्या दृष्टीने अर्धा मुका होतो. हौशी ग्राहकाला हे सराफाच्या दुकानात कोणी सांगत नाही. बनावट दिनार खऱ्या सोन्यातही पाडले जात असल्याने कसोटीचा दगड येथे फारसा कामाचा नाही. अक्षरांचे वळण आणि ठशांतील बारकावे संग्रहालयांतील अस्सल नमुन्यांशी ताडून पाहणे हाच त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे, असेही नाही. दौलताबादला राजधानी हलवणाऱ्या मुहम्मद बिन तुघलकाने पुढे कैरोतील अब्बासी खलिफा अल-मुस्तकफी याच्या नावाने सोन्याची नाणी पाडली आणि १३४० मध्ये खलिफा वारल्यानंतरही ती निघतच राहिली. खलिफाच्या मृत्यूची वार्ता दिल्लीला किती उशिरा पोहोचली असेल, याचा अंदाज या नाण्यांवरील सालांवरून बांधता येतो. तीच नाणी आटवली असती, तर एवढाही पुरावा उरला नसता.

शेतात किंवा पाया खणताना जुनी नाणी सापडली आणि त्यांची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेले धन) कायद्यानुसार ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात. शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, हे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ठरवले आहे. लिलावाची बातमी वाचून घरातील मोहोर परस्पर विकायला निघणाऱ्यांना यांतले काहीच ठाऊक नसते. तेव्हा अशा बातमीसोबत नाण्यावरील लेख, साल, टांकसाळ व वजन यांची दोन ओळींची चौकट द्यावी आणि नाणी येथे सापडली असल्यास या दोन कायद्यांचाही उल्लेख करावा, ही विनंती.

आपला,
एक नाणेसंग्राहक वाचक, पुणे