प्रश्न आवडीचा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील व्हिडिओ गेमवरच्या लेखात, अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुणांना कॉम्प्युटरवर खेळण्याची फारशी आवड नसते, असे विधान ओझरते येऊन गेले. मी बरीच वर्षे अटलांटा येथे राहतो. ते विधान मनाला लागले, म्हणून हे पत्र.

खेळण्याची हौस कमी असल्याचे आकडे तरी सांगत नाहीत. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१५च्या पाहणीत कृष्णवर्णीय किशोरवयीनांपैकी ८३ टक्के व्हिडिओ गेम खेळत होते. श्वेतवर्णीयांत हे प्रमाण ७१ टक्के होते. फरक आहे तो घरात कोणते यंत्र आहे याचा. त्याच संस्थेच्या २०२१च्या पाहणीनुसार ८० टक्के श्वेतवर्णीय प्रौढांकडे डेस्कटॉप किंवा लॅपटॉप होता, तर कृष्णवर्णीयांपैकी ६९ टक्क्यांकडे. शिवाय साध्या लॅपटॉपवर मोठे गेम चालत नाहीत. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये जे चांगले ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रे तयार करणारा भाग) लागते, त्याच्या एकट्याच्या किमतीत अख्खा कन्सोल, म्हणजे फक्त गेम खेळण्यासाठीचे यंत्र, येतो. २०२२ मध्ये कृष्णवर्णीय कुटुंबांचे मध्यम वार्षिक उत्पन्न सुमारे ५३ हजार डॉलर आणि श्वेतवर्णीयांचे सुमारे ८१ हजार डॉलर होते, हे लक्षात घेतले की आईवडील कन्सोल का निवडतात ते वेगळे सांगावे लागत नाही. तो दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडता येतो, सेकंडहँड मिळतो आणि भावंडे, मावसभाऊ, शेजारची मुले असे सगळे एकाच सोफ्यावर बसून त्यावर खेळतात. मी शनिवारी ज्या लायब्ररीत मुलांना अभ्यासात मदत करतो, तेथे कॉम्प्युटर आहेत, पण त्यांवर गेम टाकता येत नाहीत.

मुले, जिथे मित्र असतात तिथेच खेळतात. ज्या खेळांभोवती हे मैत्र जमते, त्यांतल्या 'मॅडन' या अमेरिकन फुटबॉलच्या गेमची पीसी आवृत्ती २००७ नंतर थेट २०१८ मध्ये आली. बास्केटबॉलच्या 'एनबीए टूके'चीही २०२० ते २०२३ या काळात पीसीवर जुन्या पिढीच्या कन्सोलचीच आवृत्ती मिळत होती. मग महागडा पीसी घेऊन मुलाने त्यावर कोणाबरोबर खेळायचे?

आणि जो पीसीवर खेळायला येतो त्याचे स्वागत कसे होते, तेही पाहावे. २०१६ मध्ये टेरेन्स मिलर हा कृष्णवर्णीय खेळाडू ऑस्टिनच्या ड्रीमहॅक स्पर्धेत 'हार्थस्टोन' हा कॉम्प्युटरवरचा पत्त्यांचा गेम खेळत दुसरा आला, तेव्हा थेट प्रक्षेपणाच्या चॅटमध्ये त्याच्या वर्णावरून शिव्यांचा भडिमार झाला. त्याचे आईवडील ते प्रक्षेपण पाहत असतील, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही. याउलट, आर्केडमधून (नाणे टाकून गेम खेळण्याच्या ठिकाणांतून) कन्सोलवर आलेल्या फायटिंग गेमच्या वर्तुळात कृष्णवर्णीय खेळाडू सुरुवातीपासून आहेत, आणि त्याच वर्तुळातला 'सॉनिकफॉक्स' या नावाने खेळणारा कृष्णवर्णीय खेळाडू २०१८ मध्ये 'द गेम अवॉर्ड्स' या पुरस्कार सोहळ्यात सर्वोत्कृष्ट ई-स्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) खेळाडू ठरला.

आणखी एक गोष्ट. लेखात कन्सोलचा इतिहास होता, पण जेरी लॉसन यांचे नाव नव्हते. काडतुसासारखी कार्ट्रिज बदलून नवा गेम खेळता येणारा पहिला कन्सोल, १९७६चा 'फेअरचाइल्ड चॅनल एफ', या कृष्णवर्णीय अभियंत्याच्या नेतृत्वाखाली तयार झाला. पुढील अंकात त्यांचा उल्लेख करावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
अटलांटा, जॉर्जिया