तीस तास, पाच मुले

महोदय,

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला 120 तास काम करावे लागते. त्यातले किती तास रॅलीत आणि झाडू हातात धरून फोटो काढण्यात जातात, हे महाविद्यालयांना ठाऊक आहेच. नागपुरातल्या तरुणांनी यातले 30 तास जवळच्या महापालिका शाळेतल्या तिसरी-चौथीच्या पाच मुलांना वाचन आणि गणित शिकवण्यासाठी द्यावेत, अशी आमची सूचना आहे. 6 तास प्रशिक्षण; मग आठवड्यातून ठरलेले दोन दिवस, एकेक तास, 12 आठवडे.

वेळापत्रक आधी बघावे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, पहिले दिवस प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात केली तर सप्टेंबरअखेर काम संपते. त्यापुढे विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा लागतात आणि मुले गळतात (महाविद्यालयातली, शाळेतली नव्हे). पोळा-मारबत, गणपतीत बुडालेले तास त्याच आठवड्यात भरून काढावेत.

पहिल्या दिवशी शिकवू नये, तपासावे. एका कागदावर दहा अक्षरे, दहा शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद. प्रत्येक मुलाला वेगळे बसवून वाचायला लावावे. सुरात सुर मिसळून वाचणाऱ्या वर्गात कोणाला येत नाही ते कळतच नाही. मजकूर पुस्तकाबाहेरचा हवा. पाठ झालेला धडा मूल नजर न टाकताही घडाघडा म्हणते, आणि मधल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवले की गप्प होते.

गणितात खरी अडचण मराठी संख्यानामांची आहे. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात, म्हणून मूल 36 लिहिते. त्याला ढ ठरवण्याचे कारण नाही, त्याने ऐकले तसेच लिहिले. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ असे वाचन दिले तेव्हा भरपूर विनोद झाले, पण या टप्प्यावर ते उपयोगी पडते. आधी ‘साठ तीन’, मग ‘त्रेसष्ट’, दोन्ही म्हणून घ्यावे. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलांचाही घोळ हाच, कारण ‘तिरसठ’मध्येही तीन आधीच येतात.

वजाबाकीत 52 मधून 17 गेले की उत्तर 45 येते. मूल एकक-दशकाच्या प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करते. इथे फळ्यावर समजावणे व्यर्थ. खराट्याच्या 100 काड्या आणि रबरबँड घ्यावेत, दहा-दहाचे गठ्ठे बांधून घ्यावेत. पाच गठ्ठे, दोन सुट्या. सात काड्या द्यायच्या तर एक गठ्ठा मुलाने स्वतः सोडायचा. मग 12 सुट्या होतात. हे हाताने झाल्याशिवाय वहीतला ‘हातचा’ कळत नाही.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या कानावर घालावे. स्वयंसेवक दोघे मिळून, व्हरांड्यात किंवा उघड्या दाराच्या वर्गात बसतील. मुलांचे फोटो काढू नयेत, ग्रुपवर तर नाहीच.

योजना बहुधा फसते ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. “गुरुजी सुटीवर आहेत, जरा वर्ग सांभाळा,” असे सांगितले जाते, स्वयंसेवक चाळीस मुलांसमोर उभा राहतो आणि त्याची पाच मुले त्या गर्दीत हरवतात. याला नम्रपणे नाही म्हणायला प्रशिक्षणातच शिकवावे. प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक देणे ही शिक्षण हक्क कायद्याने प्रशासनावर टाकलेली जबाबदारी आहे; ती फुकटच्या तरुणांवर ढकलू नये.

प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या महाविद्यालयातल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी एक वही मागावी. तीत पाच मुलांची पहिल्या आणि शेवटच्या दिवसाची पातळी लिहिलेली असावी. वही कोरी असेल तर ते 30 तास धरू नयेत.

– काही निवृत्त प्राथमिक शिक्षक, नागपूर