चेक म्हणजे फक्त हेल्मेट नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या गोलकीपरांवरचा लेख वाचला. बुफॉन, कान, श्मायकल यांच्यावर भरभरून लिहिलंय, छान आहे, पण चेक रिपब्लिकच्या पेत्र चेकच्या वाट्याला आल्या दीड ओळी आणि त्यातली एक हेल्मेटवर. पंधरा वर्षं प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग, खेळलेल्या माणसाला असं उरकलेलं पटलं नाही म्हणून लिहितोय.

२००४ ला फ्रान्सच्या रेन क्लबकडून लंडनच्या चेल्सीत आला तेव्हा २२ वर्षांचा पोरगा होता. कुदिचिनीसारखा तगडा कीपर आधीपासून होता तरी जागा यानेच घेतली, आणि पहिल्याच सीझनला २४ क्लीन शीट, म्हणजे एकही गोल न खाल्लेल्या मॅच. चेल्सीने ३८ मॅचमध्ये फक्त १५ गोल खाल्ले, तो रेकॉर्ड अजून कोणाला मोडता आला नाहीये. आता पुढे टेरी, कार्व्हालो, मॅकेलेले असे बचाव करणारे असल्यावर कीपरचं काम सोपं होतं हे मान्य. पण अशा टीमच्या कीपरकडे अर्धा अर्धा तास बॉल येत नाही आणि आला की एकदम डेंजर येतो, तेवढा वेळ लक्ष टिकवणं हीच खरी गंमत आहे.

मग १४ ऑक्टोबर २००६, रेडिंग क्लबविरुद्ध, त्यांच्याच ग्राउंडवर. मॅच सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं, चेक बॉलवर झेपावला आणि रेडिंगच्या स्टीफन हंटचा गुडघा डोक्यात बसला. कवटी फ्रॅक्चर, ऑपरेशन, मेटलच्या प्लेट्स. (बदली आलेला कुदिचिनीपण शेवटी शेवटी बेशुद्ध पडला आणि जॉन टेरी ग्लोव्हज घालून गोलमध्ये उभा राहिला, तरी मॅच १-० जिंकले.) अॅम्ब्युलन्सला उशीर झाला म्हणून चेल्सीचा कोच मोरिन्यो भडकला, रेडिंगवाले म्हणाले असं काही झालंच नाही, खूप वाद झाला. पण त्यानंतर प्रीमियर लीगने खेळाडूंसाठी वेगळी अॅम्ब्युलन्स ग्राउंडवर ठेवायची असा नियमच केला. हे लेखात यायला नको होतं का? आमच्याकडे कोल्हापुरात फुटबॉलचं एवढं वेड, तरी लोकल मॅचला गोलीच्या डोक्याला लागलं की तोंडावर पाणी मारून परत उभा करतात, मी स्वतः बघितलंय.

आणि ते हेल्मेट पण नव्हे, रग्बीवाले घालतात तसली पॅडवाली टोपी. जानेवारी २००७ मध्ये, म्हणजे तीनेक महिन्यांत, तो ती घालून लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड ग्राउंडवर परत उभा राहिला. मॅच हरले, ते सोडा. गोलीचं कामच असं की समोरच्याच्या पायात डोकं घालायचं, आणि एकदा कवटी फुटल्यावरही हा माणूस पुढची बारा वर्षं तेच करत राहिला.

चुका पण केल्या, नाही असं नाही. युरो २००८ ला तुर्कीविरुद्ध चेक रिपब्लिक २-१ ने पुढे असताना साधा क्रॉस हातातून सुटला, निहातने गोल मारला, लगेच पुढचाही मारला आणि टीम घरी. त्यानंतरही २०१६ पर्यंत देशाकडून खेळला, एकूण १२४ मॅच. क्लबकडून पुढे आर्सेनल, तिथे प्रीमियर लीगमध्ये २०० क्लीन शीट करणारा पहिला कीपर झाला (शेवटचा आकडा २०२), आणि करिअरची शेवटची मॅच २०१९ ची बाकूमधली युरोपा फायनल, ती पण नेमकी चेल्सीविरुद्ध, चार गोल खाल्ले बिचाऱ्याने. रिटायर झाल्यावर गप्प बसला का, तर त्याच वर्षी गिल्डफर्डच्या एका टीमकडून आईस हॉकीत गोली म्हणून उतरला आणि पहिल्याच मॅचला मॅन ऑफ द मॅच.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या चौकटीत २०१२ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये चेकचं "नशीब जोरावर होतं" असं छापलंय. अहो, म्युनिकमध्ये, समोरच्या बायर्न टीमच्या घरच्या ग्राउंडवर, त्यांच्या एकूण सहा पेनल्टी झाल्या, एक एक्स्ट्रा टाइममध्ये आणि पाच शूटआउटला (मॅच बरोबरीत सुटली की आळीपाळीने मारतात त्या), आणि चेक सहाही वेळा बरोबर बाजूला पडला. सहाच्या सहा! याला नशीब म्हणतात? बायर्नच्या आधीच्या कित्येक वर्षांच्या पेनल्टींची डीव्हीडी बसून बघितली होती त्याने, गोलकीपिंग कोच लोलिशोंबरोबर, जो त्याला रेनपासून ओळखत होता. आणि अडवल्या एक नाही, तीन. रॉबेनची एक्स्ट्रा टाइममध्ये, ऑलिचची शूटआउटमध्ये आणि श्वाइनश्टायगरच्या बॉलला बोटं लागून तो पोस्टवर गेला, त्यानंतर चेल्सीच्या द्रोग्बाने पेनल्टी मारून मॅच संपवली. तुम्ही फक्त रॉबेनची धरलीये. तेवढं दुरुस्तीच्या चौकटीत टाका.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर